थेंबीचे डोहाळे

इथे परदेशात, आमच्या प्लेनो गावात कुणाच्याही मराठी घरी जेवायला जा, वरण-भाताच्या आधी पोरांची कौतुकं वाढतात. मैत्रीण मंजुषाचा मुलगा हार्टचा डॉक्टर, तिच्या नणंदेची मुलगी वकील. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. "आणि शुभा, तुझी नैना काय करते?" मी सांगायचे, "गेंड्याला जेवायला घालते." सगळे एकदम पाण्याचे पेले उचलायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "हाऊ इंटरेस्टिंग!" तीस वर्षं या देशात काढल्यावर त्या इंटरेस्टिंगचा अर्थ मला न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

खोटं कशाला बोलू, लाज वाटायची मला. नागपूरहून आलो तेव्हा माझे यजमान राजीव आणि मी, आम्ही काय काय मनात बांधलं होतं. आणि ही एकुलती एक पोर बायॉलॉजीची डिग्री घेऊन, दीड तासावरच्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयात, चार वर्षं शेण उचलत होती. सुट्टीच्या दिवशी घरी आली की तिच्या केसांत काटक्या. मी म्हणायचे, "अगं, निदान विंचरून तरी ये." ती हसायची. नैना मुळात फार बोलणारी नाही. पण हट्टी म्हणाल तर पराकोटीची. एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही.

मग तिच्याकडे थेंबी आली. थेंबी हे तिचं आफ्रिकेतलं नाव, पण मला ऐकून हसूच आलं. हजार किलोची बाई, आणि नाव थेंबी! काळ्या गेंड्यांच्या जातीची. जंगलात आता मोजकीच उरलेली ही जात, असं नैना सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज असा व्हायचा की जणू घरातलंच कुणी आजारी आहे.

पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा मी आपली गवताची पेंडी शोधत होते. गेंडा म्हणजे गवत खाणार, एवढंच मला ठाऊक. नैना म्हणाली, "नो आई, गवत खाणारा गेंडा वेगळा. त्याचं तोंड रुंद असतं. हिचा ओठ बघ." तिने मेस्किटची एक फांदी पुढे केली. मेस्किट म्हणजे आपली वेडी बाभूळच की हो, थोडी चुलत वगैरे असेल. थेंबीचा वरचा ओठ टोकदार, पुढे आलेला, आणि तो तिने चक्क बोटासारखा वळवला. काट्यासकट फांदी धरली, आत ओढली आणि कट्! अडकित्त्याने सुपारी कातरावी तशी तिरकी कातरली. मग दुसरी. शांतपणे, डोळे अर्धे मिटून खात होती बया. एवढे मोठाले काटे, पण तोंडाला ओरखडा नाही.

"जंगलात ही दोनशे तऱ्हेचा पाला खाते," नैना म्हणाली. "कडू, तुरट, काटेरी, चिकाचा. सकाळी खाते, उन्हात झोपते, संध्याकाळी परत खाते. एका झाडाशी थांबत नाही. इथून दोन घास, तिथून दोन घास."

"म्हणजे तुझ्या बाबांसारखी, लग्नाच्या बुफेत."

हसली ती. मग तिने मला खरं दुखणं सांगितलं. या तुरट पाल्यामुळे जंगलात खाण्यातलं लोह अंगाला लागत नाही, तसंच बाहेर पडतं. माणसाने हिला आणून कोंडलं आणि गवत, फॅक्टरीतल्या गोळ्या असलं खायला घातलं. त्यातलं लोह अंगात मुरतं आणि लिव्हरमध्ये साठत जातं. ते टाकून कसं द्यायचं हे हिच्या शरीराला येतच नाही, कारण कधी गरजच पडली नव्हती. वर्षानुवर्षं साठतं आणि एक दिवस जनावर बसतं ते उठतच नाही.

नैनाचं म्हणणं, गोळ्या कमी करा आणि पाला घाला, रोज, ढीगभर. त्यासाठी ती ऑफिसच्या मागे हात धुऊन लागली. शेवटी तिच्या डायरेक्टरने अठरा महिने दिले. रक्तातलं लोह खाली आलं तर तिथल्या तिन्ही गेंड्यांना कायमचा पाला. नाही आलं तर नैनाचा खेळ संपला आणि सगळे परत गवतावर.

बाप्पा, मग काय ती राबली! पहाटे ट्रक घेऊन निघायची. मेस्किट, हॅकबेरी, विलो, एल्म, सगळी इकडची झाडं. ज्यांच्या घरी झाडांना औषध मारत नाहीत अशा लोकांच्या दारात जाऊन उभी राहायची, "तुमची फांदी तोडू का?" आमच्या मागच्या अंगणातलं तुतीचं झाड तर तिने पार बोडकं केलं. हिवाळ्यात पानं नसतात म्हणून उन्हाळ्यातच पाला भरून ठेवायची. आमच्या गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये मी मोदक ठेवायचे, तिथे आता विलोच्या पानांच्या पिशव्या. मी कुरकुर केली तर राजीव म्हणाले, "राहू दे गं, मोदक काय विकत मिळतात." आठ महिन्यांत आकडा खाली आला. बराच खाली. त्या दिवशी तिने मला फोनवर नुसतं "आई, इट्स वर्किंग" म्हटलं आणि रडली. मीही रडले. त्यानंतर जेवणावळीत कुणी विचारलं की मी मान वर करून सांगायला लागले.

आणि मग कळलं, थेंबीला दिवस गेलेत.

गेंडीण पंधरा महिने पोटुशी असते. नैनाने डायरेक्टरकडून मुदत वाढवून घेतली, बाळंतपणापर्यंत. मी लायब्ररीतल्या नोकरीतून नुकतीच रिटायर झाले होते. त्यांच्या खाद्याच्या किचनमध्ये हात कमी पडत होते, तेव्हा नैना म्हणाली, "आई, तू व्हॉलंटिअर करशील? नुसतं चिरायचं." मंगळवार आणि शुक्रवार. माझ्या फॉर्मवर जबाबदार व्यक्ती म्हणून तिने स्वतः सही केली. भिंतीवर फळा होता, प्रत्येक जनावराचं खाणं त्यावर लिहिलेलं, आणि वर मोठ्या अक्षरांत नियम: फळ्यावर नाही ते बादलीत नाही. मी वाचला होता. मुद्दाम सांगते, वाचला होता.

दुसऱ्याच आठवड्यात मी ते बघितलं. थेंबी कठड्याला लागून उभी, नैना पुढून तिला उकडलेलं रताळं भरवतेय, आणि मागे त्यांची डॉक्टर हेलन तिच्या पायातून रक्त काढतेय. सुईभर नाही हो! पिशव्याच्या पिशव्या!

घरी आल्यावर मी नैनाला धारेवर धरलं. "अगं, पोटुशी आहे ती! आणि तुम्ही तिचं रक्त काढता? मेल्यांनो, काळीज आहे का तुम्हाला?"

"आई, शी हॅज टू मच आयर्न. रक्त काढलं की लोह कमी होतं. हेलनने सगळं चेक केलंय, बाळाला धोका नाही."

"बाईच्या अंगात रक्त कमी पडतं म्हणून बाया मरतात. जास्त झालं म्हणून कुणी मेलेलं आमच्या सात पिढ्यांत ऐकलं नाही."

"ती बाई नाहीये, आई. ती गेंडा आहे."

माझ्या डोक्यात काय होतं ते तिला माहीत नव्हतं. नैनाच्या आधी मला एक मुलगा झाला होता. सातव्या महिन्यात, नागपूरला. दोन तास जगला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगात रक्तच नाही हिच्या, मूल कसं तगणार?" इथे आल्यावर नैनाच्या वेळी माझ्या आईने पार्सल पाठवलं होतं. आळीव, डिंक, खारीक, गूळ. आणि पत्रात तंबी, लोखंडी कढईत भाज, वर लिंबू पीळ, अंगी लागतं. मी नऊ महिने खाल्लं आणि नैना झाली, आठ पौंडांची, गुटगुटीत. डॉक्टरांचं पुस्तक एकीकडे आणि हे एकीकडे. माझा कशावर विश्वास बसणार, तुम्हीच सांगा.

मी लाडू केले. आळीव नारळाच्या पाण्यात भिजवले, लोखंडी कढईत गूळ-खोबऱ्यात शिजवले, लिंबू पिळलं, खारकेची पूड घातली. रताळी चिरणं माझ्याकडेच होतं. उकडलेल्या रताळ्याच्या पोटात लाडू भरायचा आणि वरून गर दाबून बंद करायचं. कोण बघतंय? पोटुशीचे डोहाळे पुरवायला कुणाची परवानगी लागते का? दर मंगळवारी आणि शुक्रवारी, सहा-सहा रताळी. आणि थेंबी ती अशी खायची की काय सांगू! माझ्या पायांचा आवाज आला की कान टवकारायची.

ती रताळी नैनाच भरवायची. स्वतःच्या हाताने. रक्त काढताना थेंबी जरासुद्धा हलत नाही, म्हणून तिला कोण अभिमान! "बघ आई, किती ट्रस्ट करते माझ्यावर." मी मनातल्या मनात म्हणायचे, ट्रस्ट कसला, गूळ आहे तो.

तीन महिन्यांनी आकडा चढला. नैनाचा चेहरा उतरला. आणि मला, देवा, मला आनंद झाला. हे मी कुणालाच बोलले नाही, राजीवनाही नाही. मला वाटलं, आळीव लागू पडला. पोटुशीच्या अंगात रक्त भरतंय, आता पिल्लू तगेल. मी पुढच्या वेळी लाडू मोठे केले.

नैना चूक शोधायला लागली. तिला वाटलं, ओढ्याकाठच्या विलोत काही असेल. विलो बंद. आकडा तसाच. मग तुती बंद. मग पाणी तपासलं, मग हॅकबेरी बंद. एकेक करत तिने थेंबीच्या ताटातले पदार्थ काढून घेतले आणि दोनशे तऱ्हा खाणारी ती, शेवटी नुसत्या एल्म-मेस्किटवर आली. दोन घास घ्यायची आणि तोंड फिरवायची. एका रविवारी दुपारी नैना आमच्या जेवणाच्या टेबलावर सगळे कागद पसरून बसली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, शर्ट दोन मापं सैल. "आई, काहीतरी मिस होतंय. मी सगळं तपासलं. काय मिस करतेय मी?"

मी स्वयंपाकघरात होते. माझ्या हाताला गुळाचा चिकटा होता. मी म्हणाले, "पाल्याने होत नसेल गं. एवढं जिवाला लावून घेऊ नकोस."

त्याच आठवड्यात थेंबीच्या हिरड्यांवर फोड आले. ती बसली की उठायला वेळ लावायची. ओठ फांदीपर्यंत यायचा आणि तसाच राहायचा, धरायची ताकद नसल्यासारखा. त्या दिवसापासून मी लाडू बंद केले. उरलेले कचऱ्यात टाकले, वर भाजीची देठं टाकून झाकले. चोरासारखे. चोरच होते मी.

पण सांगितलं नाही. हेलन रोज डोकं खाजवत होती. हे अचानक कशाने, औषध कुठलं द्यायचं, पोटात पिल्लू आहे. मी एक वाक्य बोलले असते तर तिला दिशा मिळाली असती. सहा आठवडे होते माझ्याकडे. मंगळवारी ठरवायचे, शुक्रवारी सांगीन. शुक्रवारी वाटायचं, आता लाडू बंद आहेत, होईल आपोआप बरी. नैनाचा चेहरा बघितला की मी परत रताळी चिरायला घ्यायचे. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, एवढं म्हणून सुटता येत असतं तर किती बरं झालं असतं. लाडू केले ती माझी अक्कल गेली होती. ते सहा आठवडे गप्प बसले, तेव्हा मात्र मला सगळं कळत होतं.

बाळंतपणाला तीन आठवडे असताना थेंबी गेली. सकाळी नैना ताजा मेस्किट घेऊन गेली तर ती आडवी होती, डोळे उघडे. पोटातलं पिल्लूही गेलं. पूर्ण वाढ झालेलं पिल्लू, मादी. नैना शवविच्छेदनाला उभी राहिली, हट्टाने. घरी येऊन एवढंच सांगितलं की लिव्हर गंजलेल्या रंगाचं होतं आणि पिल्लाची नखं अजून मऊ होती. मग ती जमिनीवर बसली, भिंतीला टेकून, लहानपणी बसायची तशी.

"मी मारलं तिला, आई," ती म्हणाली. "पाला, पाला करत. सोमवारपासून बाकीच्या दोघांना गवतावर नेतायत. डायरेक्टर म्हणाला, आठ महिने फुकटचा भ्रम झाला होता तुला. बरोबर आहे त्याचं."

राजीव तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मला ते बघवेना. माझं पाप माझ्या लेकीने डोक्यावर घेतलं होतं आणि मी चहा टाकत होते. मी गॅस बंद केला आणि सांगून टाकलं. सगळं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वही काढली. "काय काय घातलंस? एकेक सांग."

"आळीव."

"किती?"

सांगितलं.

"गूळ? लिंबू?"

"हो."

"कढई कुठली?"

"लोखंडी."

ती लिहीत गेली. आकडा चढला तेव्हा तुला काय वाटलं, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तेही सांगितलं असतं. शेवटी वही मिटताना म्हणाली, "सहा आठवडे, आई?" राजीव उठून बाहेर अंगणात गेले.

मी तिचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. "नैना, हे कुणाला देऊ नकोस. नोकरी जाईल तुझी. माझ्या फॉर्मवर तुझी सही आहे."

"बाकीचे दोघं आहेत ना, आई. त्यांना पाला मिळायला हवा."

तिने रिपोर्ट लिहिला. कुणा व्हॉलंटिअरने असं नाही लिहिलं, माझ्या आईने असं लिहिलं, आणि खाली स्वतःची सही केली. आठवड्याने तिला काढलं. ते होणारच होतं. पण बाकीच्या दोघांचं काय झालं, माहीत आहे? डायरेक्टर म्हणाला, खाण्यात न लिहिलेलं काही गेलंय म्हटल्यावर त्या सगळ्या काळातले आकडे बाद. पाला चांगला की वाईट, काहीच सिद्ध होत नाही. म्हणजे एवढं खरं बोलून माझ्या पोरीच्या हाती काय लागलं? धुपाटणं! ते दोघे आजही गवत खातायत. हेलनने तिला बाजूला घेऊन सांगितलं म्हणे, लाडवांनीच गेली असं छातीठोक सांगता येत नाही, लिव्हर आधीपासून भरलेलं होतं. मला हे सांगून नैना म्हणाली, "सो, वुई विल नेव्हर नो." त्यात माझ्यासाठी दिलासा होता की शिक्षा, मी अजून ठरवू शकलेले नाही.

कुठलंही प्राणिसंग्रहालय आता तिला घेत नाही. डेंटनच्या रस्त्यावर एक नर्सरी आहे, तिथे ती रोपांना पाणी घालते. रविवारी येते आमच्याकडे, न चुकता. भांडत नाही, टोमणा मारत नाही, बाबांशी क्रिकेटचं बोलते, मला मिठी मारते. मंजुषा म्हणते, बघ, पोरीने माफ केलं तुला. मंजुषाला काय कळतंय!

नैना जेवायच्या वेळी बॅगेतून स्वतःचा डबा काढते. पहिल्यांदा वाटलं, कामावरचं उरलं असेल. दुसऱ्या रविवारी म्हणाली, "डाएट करतेय." अंगावर मांस उरलं नाही पोरीच्या, डाएट कसलं? तिसऱ्या रविवारी मी नुसतं वरण-भात केलं. तिच्यासमोर ताट ठेवलं आणि न विचारताच सांगितलं, "तुरीची डाळ, तांदूळ, हळद, हिंग, मीठ, वरून तूप. बाकी काही नाही गं. तुझी शपथ, बाकी काही नाही."

तिने घास कालवला. तोंडापर्यंत नेला. हात तिथेच थांबला. मग तो घास तिने ताटात परत ठेवला, बोटं पुसली, आणि तिचे डोळे भरून आले.

"आय नो, आई. आय नो इट्स जस्ट वरण-भात. पण माझा हातच जात नाही."

मग तिने डबा उघडला. दोन ब्रेडचे तुकडे आणि काकडी. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि ती ते सगळं संपवेपर्यंत बघत राहिले.